उरलेल्या रकान्याचा रंग

२५ सप्टेंबर १९३० रोजी पनवेल-उरण परिसरातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. समजा, तेथील हुतात्मा स्मारकाचे चित्रीकरण विद्यार्थ्यांनी केले आणि कडेचा नको असलेला भाग कापून टाकला. उरलेली चौकट ६४१ चित्रबिंदू रुंद आणि ४८१ बिंदू उंच भरली. अशी चौकट जतन करताना कधी उजव्या कडेला हिरवी रेघ उमटते, तर कधी सॉफ्टवेअर ती स्वीकारतच नाही. एका बिंदूने एवढे काय बिघडते?

उजेडातला फरक आपला डोळा बारकाईने टिपतो. रंगातला फरक तितक्या बारकाईने टिपत नाही. १९८२ साली भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली, तेव्हा जुन्या कृष्णधवल संचांवरही तेच कार्यक्रम दिसत, कारण उजळपणा आणि रंग यांचे संदेश वेगळे होते. रंगाच्या संदेशाला जागाही कमी दिलेली होती.

संगणकही हीच काटकसर करतो. प्रत्येक बिंदूसाठी उजळपणाचा एक आणि रंगाचे दोन, असे तीन आकडे लागतात. चार बिंदूंच्या चौकोनाला १२ आकडे झाले. पण चौघांत मिळून रंगाची एकच जोडी ठेवली, तर ४ अधिक २ म्हणजे ६ आकड्यांत काम भागते.

आता आलेख कागदावर ५ × ५ घरे आखू या आणि त्यांचे दोन-दोन घरांचे चौकोन पाडू या. चार चौकोन पुरे होतात, पण कडेची ९ घरे उरतात. वर्गात ४१ मुले असतील आणि एका बाकावर दोघे बसत असतील, तर २० बाके पुरत नाहीत, २१ लागतात. तसेच येथे रंगाच्या ४ नव्हे, ९ जोड्या हव्यात. ६४१ च्या निम्मे ३२० न धरता ३२१ धरायचे.

३२० धरले तर शेवटचा रकाना रंगाविना राहतो. मग तो हिरवा का? रंगाचे आकडे ० ते २५५ या पट्टीवर लिहितात आणि 'रंग नाही' याची खूण १२८ ही असते. रिकाम्या जागी ० राहिला, तर त्याचा अर्थ तांबडा व निळा दोन्ही अगदी कमी असा होतो. उरतो हिरवा. लिहिणाऱ्याने ३२१ आणि वाचणाऱ्याने ३२० धरले, तर प्रत्येक ओळीत रंग एका घराने सरकतो आणि सारे रंग तिरपे पसरतात.

यावर उपाय काय? जेपीईजी चित्रात कडेचे बिंदू पुन्हा लिहून चौकोन पुरे करतात आणि खरे माप वेगळे नोंदवतात. एच.२६४ या चलच्चित्र पद्धतीत १०८० ओळींसाठी १०८८ ओळी भरतात व पाहताना ८ झाकतात. मात्र चार बिंदूंत एक रंग ठेवला असेल, तर येथे दोन-दोनच्या पटीतच झाकता येते. म्हणून विषम माप नाकारले जाते. अशा वेळी एक रकाना व एक ओळ कापावी किंवा वाढवावी. फलकावरील नावांसारखी नोंद कडेपर्यंत असेल, तर वाढवणेच बरे. त्यात काहीच गमावले जात नाही.

भागाकार शिकवताना बाकीचे काय करायचे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. उत्तर दरवेळी एकच नसते. ते बाकीत काय उरले आहे यावर ठरते.