शिक्षण परिषदेतील संवाद आणि प्रसन्न मन : सुलभकांसाठी काही विचार



केंद्रातील सर्व शाळांचे शिक्षक ज्या दिवशी शिक्षण परिषदेसाठी एकत्र जमतात, त्या दिवशी मुलांच्या वाट्याचे काही तास आपण त्यांच्याकडून उसने घेत असतो. ते उसने फेडले गेले किंवा नाही, हे दुसऱ्या दिवशी वर्गात कळते. शिक्षक काही नवे घेऊन परतला असेल, तर मुलांना ते तास व्याजासह परत मिळाले. केवळ तक्ते भरून व सूचना लिहून घेऊन परतला असेल, तर मुलांचे ते तास बुडाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने प्रतिवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. तास भरणे कठीण नाही. ते सार्थकी लावणे कठीण आहे. त्याचा मोठा भार परिषद चालविणाऱ्या सुलभकावर असतो. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सुलभक म्हणजे व्याख्याता नव्हे. जमलेल्या शिक्षकांना एकमेकांपासून शिकणे सोपे व्हावे, अशी व्यवस्था करणारा तो सुलभक. द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकास आपल्या अध्यापनातील अडचण मोकळेपणाने मांडावयास दुसरे ठिकाण सहसा नसते. परिषदेतही ती मांडता आली नाही, तर ती त्याच्या मनात तशीच राहते आणि तिचा परिणाम मुलांना भोगावा लागतो.

मग तो बोलत का नाही? बहुधा भीतीमुळे. ‘एवढेही येत नाही काय?’ असे कोणी म्हणेल, ही ती भीती. मनाच्या या व्यापाराविषयी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिक्सन यांनी १९९८ पासून मांडलेला विचार ध्यानात घेण्यासारखा आहे. भय व क्रोध यांमुळे मनुष्याचे लक्ष आकुंचित होते. त्या क्षणी संकटातून सुटणे एवढेच त्याला दिसते. याउलट आनंद, जिज्ञासा, कृतज्ञता, आपलेपणा या भावनांनी विचाराचा विस्तार होतो, नवे मार्ग सुचतात, आणि अशा अनुभवांतून ज्ञान व स्नेहसंबंध यांची पुंजी साठत जाते. येथे एक सावधगिरी हवी. प्रसन्नता म्हणजे करमणूक नव्हे. टाळ्या, खेळ व गाणी यांनी घटकाभर हशा पिकेल. परंतु माझे म्हणणे कोणी तरी लक्षपूर्वक ऐकले, यातून जी प्रसन्नता येते, तीच शिकण्यास उपकारक ठरते.

एक उदाहरण घेऊ. तिसरीतील एका मुलाने पाटीवर ५२ − १७ = ४५ असे लिहिले. परिषदेत ही पाटी मांडून ‘मुलांना वजाबाकी का येत नाही?’ असे विचारले, तर पालकांचे दुर्लक्ष, अनियमित उपस्थिती, खालच्या वर्गातील कच्चा पाया अशी उत्तरे येतील, आणि शिक्षक खिन्न मनाने घरी जातील. पण ‘हे उत्तर लिहिताना या मुलाने काय विचार केला असेल?’ असा प्रश्न केला, तर सभेचा रंगच पालटतो. कोणी तरी सांगतो, ‘त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, ७ मधून २ गेले ५, आणि ५ मधून १ गेला ४.’ म्हणजे मूल मठ्ठ नाही. त्याने एक नियम पाळला आहे, फक्त तो नियम चुकीचा आहे. मग दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या व दोन सुट्या काड्या पुढे ठेवून, एक जुडी सोडल्यावर १२ सुट्या काड्या कशा होतात, त्यांतून ७ काढता येऊन ३५ कसे उरतात, हे शिक्षकच परस्परांना दाखवू लागतात. प्रश्न एकच, वजाबाकीचा. परंतु पहिल्याने दोष शोधला, दुसऱ्याने जिज्ञासा जागविली.

प्रश्न विचारून लोकांना विचारास प्रवृत्त करण्याची परंपरा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १८७६ साली शेंडगाव येथे जन्मलेल्या आणि २० डिसेंबर १९५६ रोजी आपल्या शेजारच्या वलगावजवळ ज्यांचे देहावसान झाले, त्या संत गाडगेबाबांचे कीर्तन प्रश्नोत्तरांनीच चाले. ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न करीत, श्रोते उत्तर देत, त्या उत्तरातूनच पुढील प्रश्न निघे. शेवटी श्रोत्यांना जे पटे, ते त्यांनी स्वतःच्या मुखाने उच्चारलेले असे. सुलभकाने त्यांच्यापासून एवढे घ्यावे की, निष्कर्ष आपण सांगू नये. तो समूहाकडून यावा.

प्रश्न विचारल्यावर थांबणे ही दुसरी गोष्ट. मेरी बड रोव यांनी शाळांतील वर्गांचे निरीक्षण करून १९७४ साली दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविल्यावर उत्तरे विस्तृत होतात, एरवी गप्प राहणारी मुले बोलतात, आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. मोठ्यांच्या सभेतही हाच अनुभव येतो. शांतता असह्य होऊन सुलभकाने स्वतःच उत्तर दिले, की समूह ओळखतो, यांना आपले उत्तर नको आहे.

भाषेचाही विचार व्हावा. ‘आमच्या वावरात पऱ्हाटी लय झाली’ असे मूल उत्साहाने सांगते, तेव्हा त्याचे ‘वावर’ व ‘लय’ आधी सुधारू लागलो, तर पऱ्हाटी राहते बाजूला आणि मूलही गप्प होते. प्रथम त्याचे म्हणणे ऐकावे, ‘किती बोंडे धरली?’ असे विचारावे. प्रमाण भाषेचे शब्द मागाहून जोडीला द्यावेत. परिषदेतही शिक्षकांनी आपल्या बोलीत बोलण्यास संकोच वाटू नये. ज्याच्या बोलीचा मान राखला गेला, तो मुलाच्या बोलीचा मान राखील.

दोन तासांच्या परिषदेसाठी पुढील क्रम उपयोगी पडेल :

(१) बैठक गोलाकार असावी. प्रशासकीय सूचना लेखी द्याव्यात किंवा अखेरच्या दहा मिनिटांत सांगाव्यात.

(२) आरंभी प्रत्येकाने आपल्या वर्गात या महिन्यात साधलेली एक लहान गोष्ट थोडक्यात सांगावी. भाषण नको.

(३) मुलांच्या दोन-तीन वह्या किंवा पाट्या, नावे झाकून, पुढे ठेवाव्यात.

(४) प्रथम दोघादोघांत, मग चौघांत, व शेवटी सर्वांत चर्चा व्हावी. सभेत न बोलणारा नवशिक्षक जोडीदाराशी निश्चित बोलतो.

(५) प्रत्येकाने पुढील महिन्यात करून पाहावयाची एकच गोष्ट लिहावी. पुढील परिषदेचा आरंभ तिथूनच करावा.

अडचणीचे प्रसंगही येतील. ‘कापूस वेचणीच्या दिवसांत मुले शाळेतच येत नाहीत, तेथे ही चर्चा काय कामाची?’ असे कोणी कडवटपणे म्हणेल. त्याला उपदेश करू नये, त्याची तक्रार हसण्यावारीही नेऊ नये. ती खरी आहे. ‘आठवड्यातून दोनच दिवस येणाऱ्या मुलास आपण त्या दोन दिवसांत काय देतो?’ हा प्रश्न सर्वांपुढे ठेवावा. प्रसन्न वातावरण म्हणजे दुःखाला मज्जाव नव्हे. दुःख सांगितल्यावरही माणसाचा मान कायम राहतो, अशी जागा होय.

शिक्षकाला जसे वागविले जाते, तसेच तो पुष्कळदा मुलांना वागवितो. ज्या शिक्षकाचे परिषदेत ऐकून घेतले गेले, तो दुसऱ्या दिवशी वर्गात शेवटच्या रांगेतील मुलापाशी क्षणभर अधिक थांबेल. त्या मुलाने इतके दिवस न दिलेले उत्तर त्या क्षणी दिले, तर उसने घेतलेले तास फिटले असे समजावे.