रोग्याची विखुरलेली हकीकत

ठाण्यास खाडीच्या कांठीं कोलशेत नांवाचें जुनें गांव आहे. आतां तें शहरांतच मिसळून गेलें आहे. अशी कल्पना करा कीं, तेथील एका गृहस्थांना मधुमेह आहे व त्याच्या गोळ्या ते जवळच्या डॉक्टरांकडून घेतात. पुढें त्यांना खोकला जडला. सरकारी दवाखान्यांत थुंकी तपासली, तेव्हां क्षय निघाला. छातीचा फोटो तिसऱ्याच ठिकाणीं काढलेला. रोगी एक, पण त्याची हकीकत तीन ठिकाणीं विखुरलेली!

यांत बिघडलें कुठें, असें आपण विचाराल. मधुमेह असलेल्या माणसास क्षयाचा धोका इतरांहून दोन ते तीन पट अधिक असतो. शिवाय क्षयावरील रिफॅम्पिसिन या औषधानें यकृताचें काम असें कांहीं वेगावतें कीं, मधुमेहाच्या कित्येक गोळ्यांचा प्रभाव ओसरतो व रक्तांतील साखर चढते. साखर चढली म्हणजे क्षयहि लवकर हटत नाहीं. दोन्ही डॉक्टर आपापल्या परीनें बरोबरच असतात. पण एकाचा कागद दुसऱ्यास दिसत नाहीं, आणि त्याचें प्रायश्चित्त रोग्यास भोगावें लागतें.

म्हणूनच क्षयाच्या प्रत्येक रोग्याची साखर तपासावी आणि मधुमेह्यास क्षयाच्या लक्षणांविषयीं विचारावें, असें राष्ट्रीय धोरण २०१७ सालीं ठरलें. क्षयरोग्यांची नोंद २०१२ पासून ‘निक्षय’ या संगणकीय वहींत होऊं लागली. खाजगी डॉक्टरांनींहि रोगी कळविलाच पाहिजे, असा हुकूम त्याच सालीं निघाला. पुढें २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालें. त्यांत नांव नोंदविणारास १४ आंकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो. कागद जेथें तयार झाले तेथेंच राहतात. रोग्यानें संमति दिली तरच ते दुसऱ्या डॉक्टरांपुढें येतात.

मात्र जोडणी चुकली तर ती न जोडण्याहून वाईट. पाटील, भोईर, म्हात्रे हीं आडनांवें आपल्याकडे घरोघर आढळतात. केवळ नांवावरून कागद जुळवूं गेल्यास एकाची साखर दुसऱ्याच्या खात्यावर चढेल! क्रमांकाचें महत्त्व तें हेंच.

सगळे दवाखाने या सूत्रांत ओंवले जाईपर्यंत एक साधा उपाय आपल्या हातीं आहे. सर्व कागद, आणि चालूं असलेल्या गोळ्यांचीं वेष्टनें, एकाच पिशवींत ठेवावींत व प्रत्येक डॉक्टरांपुढें ती पिशवी न विचारतां उघडावी. आपली सबंध हकीकत जाणणारा मनुष्य एकच. तो म्हणजे आपण स्वतः.