खाडीची राखण आणि दहातला एक रुपया

आपल्या इचलकरंजीला समुद्र नाही. आपल्याला पंचगंगा आहे. ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा पूर्वेकडे वाहत जाऊन आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आपले पाणीही शेवटी समुद्रालाच जाते. पण तो समुद्र फार लांब. त्या मानाने कोकणचा समुद्र जवळ. घाट उतरला की आलाच. आपल्या बाजारातला बांगडा आणि सुरमई तिकडूनच गाडीत भरून येतात.

आमच्या रात्रीच्या वर्गात आम्ही एकदा खाडीचा विषय काढला. तेव्हा एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, समुद्राचं आमाला काय करायचं? आमच्या बचत गटाला पैसा मंजूर होतो, आन् त्यो जातो कुठं त्ये कळत न्हाई. त्ये सांगा की." आम्ही म्हणालो, "बाई, तेच सांगणार आहोत. फक्त खाडीच्या वाटेने सांगतो."

आधी खाडी म्हणजे काय ते पाहू. नदी समुद्राला मिळते तिथे भरतीचे खारे पाणी नदीत आत शिरते. ओहोटीला ते परत जाते. दिवसातून दोन वेळा ही ये-जा चालते. अशा गोड्या-खाऱ्या पाण्याच्या जागेला खाडी म्हणतात. खाडीच्या काठी चिखल असतो. त्या चिखलात एक वेगळेच रान वाढते. त्याला कांदळवन म्हणतात, कोणी खारफुटी म्हणतात. तिवर, चिपी, कांदळ ही त्यातली झाडे. आपला आंबा किंवा बाभूळ त्या खारट चिखलात चार दिवस जगायची नाही. पण या झाडांची रीत निराळी. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे चिखलातून वर डोके काढतात आणि हवा घेतात. दुरून पाहावे तर कोणी पेन्सिली रोवून ठेवल्यात असे वाटते. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते. चांगला हातभर कोंब लोंबतो, आणि मग तो भाल्यासारखा खाली चिखलात पडतो.

या मुळांच्या जाळ्यात माशांची आणि कोळंबीची पिल्ले वाढतात. मोठ्या माशाला तिथे शिरता येत नाही. खेकडे तिथेच बिळे करतात. लाटांचा जोर या झाडांत मोडतो, म्हणून काठाची माती टिकते. खाडीचे रान तुटले की आधी खेकडा जातो, मग मासा जातो, आणि शेवटी काठचे शेत खचते.

असे असून लोक ते तोडत का होते? चुलीसाठी. शिवाय भराव घालून जागा काढायची, कोळंबीची तळी करायची, घरे बांधायची. रान कोणाचेच नाही, मग ते सगळ्यांचेच. आपल्याकडे गायरानाचे काय झाले ते आपण पाहिले आहेच.

सरकारने आधी कायद्याचा रस्ता धरला. १९८७ साली मालवणच्या समुद्राचा एक भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हेतू चांगला होता. पण मच्छीमारांना वाटले, आता आपल्याला आपल्याच समुद्रात बंदी होणार. त्यांनी विरोध केला, आणि तो वर्षानुवर्षे चालला. आम्हांला दोन्ही बाजू कळतात. मासळी संपली तर नुकसान मच्छीमाराचेच. पण ज्याची चूल त्या पाण्यावर पेटते त्याला न विचारता पाटी लावली, तर तो पाटीकडे कशाला बघेल? पुढे २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केली, आणि २०१८ साली ती पक्की केली. ही मनाई फार मोलाची ठरली. पण खाड्या पुष्कळ आहेत. प्रत्येक खाडीवर रात्री पोलीस कोण उभा करणार?

म्हणून दुसरा रस्ता निघाला. काठावरच्या माणसालाच राखणीत भागीदार करायचे. २०१२ साली महाराष्ट्राच्या वनखात्यात कांदळवनासाठी वेगळा कक्ष उघडला. त्याच सुमारास सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने एक प्रकल्प चालू झाला होता. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने एक योजना काढली. तिचे नाव कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना. नाव लांब आहे, पण गोष्ट सोपी आहे. गावात एक समिती करायची. समितीने खाडीचे रान राखायचे. त्या बदल्यात गावातल्या गटांना खाडीवरच चालणारा धंदा काढायला मदत मिळायची. खेकडे पाळणे, कालवे वाढवणे, पिंजऱ्यात मासे वाढवणे, शोभेचे मासे, पर्यटकांना होडीतून फिरवणे, असले धंदे.

आता पैशाचा हिशेब नीट बघा. गटाने धंदा काढला तर खर्चाचा शंभरातला नव्वद वाटा सरकारचा, दहा वाटा गटाचा. एकट्या माणसाने काढला तर पंचाहत्तर सरकारचे, पंचवीस त्याचे. समजा, दहा बायकांच्या गटाला दोन लाख रुपये लागणार आहेत. सरकार देणार १,८०,००० रुपये. गटाने घालायचे २०,००० रुपये. म्हणजे एकेकीने २,००० रुपये.

हा दहातला एक रुपया कशाला मागतात? सरकारला तो जड आहे का? नाही. त्याचे कारण आम्ही आमच्याच अनुभवाने सांगतो. आम्ही मुख्याध्यापक असताना आमच्या एका शाळेला झाडांसाठी पैसे आले. सगळेच्या सगळे वरून आले. आम्ही दोनशे रोपे आणली, पाहुणे बोलावले, फोटो काढला. मे महिन्यात पाणी घालायला कोणी नव्हते. पावसाळ्यापर्यंत अकरा रोपे उरली. त्यांतली चार शेळ्यांनी खाल्ली. शेळ्यांचा दोष नव्हता. त्या दोनशे रोपांत कोणाचा एक पैसाही नव्हता, आमचाही नव्हता. ज्या बाईने स्वतःचे २,००० रुपये घातले आहेत, ती खेकड्यांचे कुंपण रात्री उठून बघते. शेजारचा कोयता घेऊन कांदळ तोडायला निघाला तर ती विचारते, "कुठं निघालास रे?"

खेकड्याचा धंदा असा. खाडीच्या काठी बांबू आणि जाळीचे कुंपण करतात. नुकतीच कात टाकलेला खेकडा आतून पोकळ असतो, त्याला बाजारात भाव नाही. त्याला तीन-चार आठवडे टाकाऊ मासळी खाऊ घातली की तो भरतो, आणि भाव चढतो. एक अडचण असते. खेकडे एकमेकांना खातात. म्हणून त्यांना लपायला नळ्या, खापरे अशी आडोशाची जागा द्यावी लागते.

शिनाणे नावाची शिंपली वाढवतात, ती गोष्ट आमच्या वर्गातल्या मागवाल्यांना फार आवडली. पाण्यात तराफा बांधतात. त्याला दोर लोंबते सोडतात. दोराभोवती शिनाण्याचे बारके बी ठेवून वरून मच्छरदाणीचे सुती कापड गुंडाळतात. काही दिवसांत कापड पाण्यात कुजून गळून पडते. तोवर शिनाणी आपल्या अंगातून धागे काढून दोराला घट्ट धरून बसतात. हे सांगितल्यावर एक विणकर म्हणाला, "म्हंजे नायलॉन चालायचं न्हाई. त्ये कुजत न्हाई." अगदी बरोबर. हे पीक पावसाळा संपल्यावर लावतात आणि पुढचा पाऊस पडण्याआधी काढतात. पावसात खाडीचे पाणी गोडे होते आणि शिनाणी मरतात. ज्या गटाने तारीख चुकवली, त्याचे वर्ष गेले.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडी आहे. तिथल्या नऊ-दहा बायकांच्या स्वामिनी नावाच्या गटाने २०१७ साली वेगळाच धंदा काढला. या मच्छीमारांच्या घरच्या बायका. त्या स्वतः वल्हे मारून पाहुण्यांना खाडीतून फिरवतात. तिवर कोणते, चिपी कोणती, हा पक्षी कोणता, ते सांगतात. आता हिशेब करा. रान असेल तरच पाहुणा येणार. बोडक्या चिखलात फिरायला पैसे कोण देईल?

मदत लहान असली तरी तिने किती मोठे काम होते, याचा आणखी एक दाखला. कधी कधी मच्छीमाराच्या जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क अडकतो. कायद्याने या जिवांना मारायला बंदी आहे. पण त्याला सोडायचे तर जाळे कापावे लागते. जाळे हजारोंचे. नवे जाळे येईपर्यंत मासेमारी बंद, म्हणजे घरात चूल बंद. मग माणूस काय करील? डिसेंबर २०१८ पासून राज्याने असे ठरवले की, जाळे कापून असा जीव सोडला आणि त्याचा फोटो किंवा चित्रण दाखवले, तर नुकसानभरपाई म्हणून २५,००० रुपयांपर्यंत मदत द्यायची. मच्छीमाराचे मन आधीही वाईट नव्हते. सुरी कासवाच्या बाजूने चालवायची तर पोटाला चिमटा बसत होता, तो आता थोडा सैल झाला.

अशी लहान मदत जगात इतरत्रही देतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत १९९२ सालापासून अशी एक योजना शंभराहून जास्त देशांत चालते. तिच्यातली मदत मोठ्या सरकारी खात्याला न जाता थेट गावच्या संस्थेला आणि गटाला मिळते. रक्कम साधारणपणे ५०,००० डॉलरच्या आत ठेवलेली. थोडा पैसा गावाला पेलतो. फार पैसा आला की गावात आधी ठेकेदार येतो.

सगळे गट नीट चालतात असे मात्र समजू नका. खेकडे मरतात, भाव पडतो, बायकांत रुसवे होतात. दोन वर्षांनी मदत संपली की कुंपणही संपले, असेही घडते. आणि काही ठिकाणी गटाच्या नावावर पैसा येतो, पण वही एकाच घरात असते. बाकीच्या जणी फक्त अंगठा देतात.

इथे आम्ही त्या बाईंच्या प्रश्नाकडे परत आलो. पैसा कुठे जातो ते कळायचे तर तीन कागद वाचता आले पाहिजेत. पहिला, गटाचा ठराव. कोणत्या कामाला, किती रक्कम, कोणत्या तारखेला, आणि सह्या कोणाच्या, हे त्यात असते. दुसरा, बँकेचे पासबुक. जमा कोणत्या बाजूला आणि खर्च कोणत्या बाजूला, एवढे तरी ओळखता यावे. तिसरा, खर्चाची वही. तिच्यातल्या प्रत्येक रकमेला पावती हवी. पासबुकातून निघालेली रक्कम आणि वहीत लिहिलेली रक्कम जुळली पाहिजे. मांडवी खाडीवर असो की कबनूरला असो, यात फरक नाही.

पुढच्या आठवड्यात त्या बाई गटाची वही आणि पासबुक पिशवीत घालून घेऊन आल्या. कंदिलाची गरज आता नाही. दिव्याखाली आम्ही आठ-दहा जण ते घेऊन बसलो. बाईंनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. वेळ लागला. एका ओळीत "किरकोळ, ६५० रुपये" असे होते. पावती नव्हती. बाई म्हणाल्या, "ह्ये किरकोळ म्हंजे काय वो गुरुजी?" आम्ही म्हणालो, "ते आम्हांला नाही, बैठकीत विचारा." त्यांची बैठक येत्या मंगळवारी आहे.