रुंद क्षेत्राचे आयपीस : अंश, कडा आणि खर्च

आयपीस, म्हणजे परिभाषेतली नेत्रिका, बदलली की तीच दुर्बीण वेगळी वाटू लागते. आरसा किंवा वस्तुभिंग प्रकाश गोळा करून नाभीपाशी आकाशाची लहानशी प्रतिमा तयार करते आणि आयपीस त्या प्रतिमेकडे भिंगातून पाहण्याची सोय करतो. प्रतिमेचा किती भाग एका वेळी दिसेल, हे आयपीसच्या रचनेवर अवलंबून असते. दुर्बिणीबरोबर सहसा मिळणाऱ्या प्लॉस्ल जातीच्या आयपीसमध्ये हे क्षेत्र सुमारे ५० अंशांचे असते. साधारण ६५ अंशांपासून पुढच्या आयपीसला रुंद क्षेत्राचा म्हणतात. बाजारात त्यांचे तीन ठळक गट दिसतात : ६८, ८२ आणि १०० अंश.

हे अंश आकाशाचे नसतात. डोळा लावल्यावर काळ्या कड्याने वेढलेले जे प्रकाशाचे वर्तुळ दिसते, ते डोळ्याशी जो कोन करते तो कोन म्हणजे हे आभासी क्षेत्र. ५० अंशांच्या आयपीसमधून पाहणे हे खिडकीपासून दोन पावले मागे उभे राहून बाहेर पाहण्यासारखे असते. ८२ अंशांत चौकटीला नाक टेकल्यासारखे वाटते. १०० अंशांत चौकट एका नजरेत दिसतच नाही. ती पाहायची तर डोके हलवावे लागते.

आकाशाचा प्रत्यक्ष किती तुकडा दिसतो, हे काढण्याची ढोबळ रीत सोपी आहे : आभासी क्षेत्राला मोठेपणाने, म्हणजे मॅग्निफिकेशनने भागायचे. अधिक अचूक रीत आयपीसच्या आत बसवलेल्या धातूच्या कड्यावरून निघते. या कड्याला फील्ड स्टॉप म्हणतात आणि वर्तुळाची धारदार कड त्याच्यामुळेच दिसते. फील्ड स्टॉपच्या व्यासाला दुर्बिणीच्या नाभीय अंतराने भागून ५७.३ ने गुणले की प्रत्यक्ष क्षेत्र अंशांत मिळते. चांगले उत्पादक हा व्यास माहितीपत्रकात देतात. खरेदीच्या वेळी डब्यावरच्या ठळक अंशांपेक्षा हा बारीक आकडा जास्त कामाचा ठरतो.

हौशी निरीक्षकांत लोकप्रिय असलेली आठ इंची डॉब्सन दुर्बीण उदाहरणादाखल घेता येईल. तिचे नाभीय अंतर १२०० मिमी, एफ रेशो (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास) ६. तिच्यात ३२ मिमी नाभीय अंतराचा प्लॉस्ल लावला तर मोठेपणा ३७.५ पट होतो. त्याच्या फील्ड स्टॉपचा व्यास सुमारे २७ मिमी असल्याने आकाशाचा १.२९ अंशांचा तुकडा दिसतो. त्याच जागी २४ मिमीचा ६८ अंशांचा आयपीस लावला तर मोठेपणा ५० पट होतो आणि प्रत्यक्ष क्षेत्र तेच, १.२९ अंश, राहते, कारण त्याचाही फील्ड स्टॉप २७ मिमीचाच असतो. मग जास्तीचे पैसे कशासाठी, असा प्रश्न साहजिक पडतो.

त्याचे उत्तर आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताच्या जाडीत आहे. आयपीसच्या नाभीय अंतराला एफ रेशोने भागले की ही जाडी मिळते. ती ३२ मिमीच्या प्लॉस्लमध्ये ५.३ मिमी आणि २४ मिमीच्या आयपीसमध्ये ४ मिमी होते. आकाशाची पार्श्वभूमी किती उजळ दिसेल, हे या जाडीच्या वर्गावर ठरते. म्हणून प्लॉस्लमध्ये तेच आकाश जवळपास पावणेदोन पट उजळ, म्हणजे करडे दिसते. पुणे-मुंबईच्या गच्चीवरून, जिथे दिव्यांचा उजेड आधीच आकाशभर पसरलेला असतो, तिथे हा फरक पहिल्याच नजरेत जाणवतो. रुंद आयपीस तेवढेच आकाश अधिक मोठे करून आणि अधिक काळ्या पार्श्वभूमीवर दाखवतो. त्याचा खरा फायदा हा आहे. विक्रेते मात्र 'अवकाशात तरंगल्याचा अनुभव' हेच सांगत बसतात.

दुसरा फायदा मोठेपणा वाढवल्यावर कळतो. डॉब्सन दुर्बीण हाताने ढकलून फिरवावी लागते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाहिलेली वस्तू सतत सरकत असते. खगोलीय विषुववृत्ताजवळची वस्तू चार मिनिटांत एक अंश सरकते. २०० पट मोठेपणाला ५० अंशांच्या आयपीसमध्ये गुरू या कडेपासून त्या कडेपर्यंत सुमारे एका मिनिटात निघून जातो. ८२ अंशांत त्याला साधारण एक मिनिट चाळीस सेकंद लागतात, तर १०० अंशांत दोन मिनिटे. हवा क्षणभर स्थिर होण्याची वाट पाहणाऱ्या निरीक्षकाला ही जास्तीची सेकंदे मोलाची असतात. आपोआप मागोवा घेणाऱ्या बैठकीवर मात्र हा मुद्दा उरत नाही. ग्रहांसाठी तिथे साधा, चांगल्या प्रतीचा आयपीस पुरतो.

रुंद क्षेत्राची धडपड दुर्बिणीतून नव्हे, युद्धातून सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात झाईस कंपनीतील हाइनरिश एर्फ्ले यांनी लष्करी उपकरणांसाठी पाच भिंगांची रुंद नेत्रिका रचली. युद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या उपकरणांतून एर्फ्ले आयपीस हौशी लोकांच्या हाती आले आणि कित्येक दशके साठ-पासष्ट अंश हीच रुंदीची हद्द राहिली. पुढची उडी अल नागलर या अमेरिकी प्रकाशतज्ज्ञाने मारली. अपोलो मोहिमांतील चांद्रयान उतरवण्याच्या सरावासाठी बनवलेल्या सिम्युलेटरच्या प्रकाशव्यवस्थेवर त्यांनी काम केले होते. अंतराळवीराला खिडकीतून पाहिल्यासारखे वाटावे एवढे रुंद दृश्य तिथे हवे होते. १९७७ मध्ये त्यांनी टेली व्ह्यू ही कंपनी काढली आणि १९८० च्या सुमारास ८२ अंशांचा १३ मिमी नागलर आयपीस आणला. त्यात पुढच्या टोकाला उणे भिंगांचा गट घालून कडेची प्रतिमा ताळ्यावर आणली होती. २००७ मध्ये त्याच कंपनीचा १०० अंशांचा ईथॉस आला. आज इतर कंपन्याही अशी रचना वापरतात, आणि भिंगांच्या संख्येबरोबर खर्चही चढतो : अशा आयपीसमध्ये सहा ते नऊ भिंगे असतात.

इतकी भिंगे लागतात ती कडेसाठी. मधल्या भागात स्वस्त आणि महाग आयपीसमधला फरक फारसा दिसत नाही. पैसे मोजले जातात ते वर्तुळाच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्शातले तारेही ताऱ्यांसारखे, टिंबासारखे दिसावेत म्हणून. आणि कड किती बिघडेल, हे एकट्या आयपीसवर ठरत नाही. दुर्बिणीचा एफ रेशो जितका लहान, तितका प्रकाशाचा शंकू पसरट आणि आयपीसची परीक्षा कठीण. एफ/१० च्या श्मिट-कॅसेग्रेनमध्ये साधा रुंद आयपीसही समाधानकारक कड देतो. तोच आयपीस एफ/५ च्या न्यूटोनियनमध्ये लावला तर कडेचे तारे पंख पसरलेल्या पाखरांसारखे दिसतात. म्हणूनच 'सर्वांत चांगला रुंद आयपीस कोणता?' हा प्रश्न दुर्बिणीचा एफ रेशो सांगितल्याशिवाय अर्धवट राहतो.

कडेला बिघाड दिसला की दोष कोणाचा, हे आधी ओळखावे. फोकसची मूठ किंचित फिरवल्यावर कडेचे तारे धारदार होऊन मधले पसरट होत असतील तर तो क्षेत्राच्या वक्रतेचा दोष. तरुण डोळा तो बराचसा स्वतःच सांभाळून घेतो. फोकस फिरवताना तारा आधी एका दिशेने आणि मग तिच्या काटकोनात रेघेसारखा ताणला जात असेल तर ती अबिंदुकता, आणि ती बहुतेक वेळा आयपीसची असते. तारा शेपटीच्या धूमकेतूसारखा, बाहेरच्या बाजूला फुललेला दिसत असेल तर तो कोमा. हा अन्वस्त आरशाचा उपजत दोष आहे. आयपीस बदलून तो जात नाही, त्याला वेगळा कोमा-करेक्टर लागतो. एफ/६ ला कोमा सौम्य असतो, एफ/५ आणि त्याखाली रुंद क्षेत्रात तो डोळ्यांत भरतो. महागडा आयपीस आणूनही कड सुधारली नाही म्हणून निराश झालेल्यांपैकी अनेकांची तक्रार खरे तर आरशाविरुद्ध असते.

आयपीसच्या नळीचा व्यास दुसरी मर्यादा घालतो. सव्वा इंची नळीत फील्ड स्टॉप सुमारे २७ मिमीपेक्षा मोठा बसत नाही, दोन इंची नळीत तो ४६ मिमीपर्यंत जातो. त्यामुळे सव्वा इंची आयपीसमध्ये ३२ मिमीला ५० अंश किंवा २४ मिमीला ६८ अंश ही कमाल गाठली जाते. तिच्यापुढे प्रत्यक्ष क्षेत्र वाढवायचे तर दोन इंची फोकसर हवा. वर घेतलेल्या आठ इंची दुर्बिणीत ३१ मिमी, ८२ अंशांचा दोन इंची नागलर दोन अंशांचे आकाश दाखवतो. कृत्तिकेचे मुख्य तारे त्यात भोवतालच्या काळोखासकट ऐसपैस मावतात. पण देवयानी दीर्घिकेचा तीन अंशांचा पूर्ण विस्तार या दुर्बिणीत कोणत्याही आयपीसने एका वेळी मावणार नाही, पैसे कितीही ओतले तरी. उलट ७०० मिमी नाभीय अंतराच्या सत्तर मिमीच्या लहान दुर्बिणीत साध्या ३२ मिमी प्लॉस्लने सव्वादोन अंश सहज मिळतात. लहान दुर्बीणवाल्याने रुंद आयपीससाठी जीव टाकण्याचे कारण नाही.

वजनाकडे बहुतेकांचे लक्ष आयपीस हातात आल्यावर जाते. मघाचाच ३१ मिमीचा नागलर सुमारे एक किलोचा आहे. डॉब्सनच्या तोंडाशी एवढे वजन लावले की नळी पुढे झुकते आणि मागे चुंबक किंवा वजन लावून तोल सावरावा लागतो. २४ मिमी, ६८ अंशांचा सव्वा इंची आयपीस पाव किलोच्या आसपास असतो आणि असा त्रास देत नाही.

चष्मा लावणाऱ्यांनी वेगळा आकडा पाहावा : शेवटच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवून पूर्ण वर्तुळ दिसते तो. चष्म्यासह पाहायचे तर हे अंतर १५ ते २० मिमी हवे. ऱ्हस्वदृष्टी किंवा दूरदृष्टीचा चष्मा काढून ठेवता येतो, फोकस फिरवून ते भागते. डोळ्यातच अबिंदुकता असेल तर मात्र कमी मोठेपणाला चष्मा लागतो. झोताची जाडी एक-दीड मिमीपर्यंत उतरली की तिचा उपद्रव जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे चष्मेवाल्यांनी जास्त खर्च लांब नाभीय अंतराच्या आयपीसवर करावा, छोट्यावर नाही. ७० अंशांच्या आसपासचे, २० मिमी अंतर देणारे आयपीस त्यांना १०० अंशांच्या आयपीसपेक्षा जास्त सुख देतात.

डब्यावर छापलेले अंश पारखून पाहण्यासाठी एक तारा आणि घड्याळ पुरते. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी जो सर्वांत आधी उगवतो, तो खगोलीय विषुववृत्तापासून अवघा पाव-अर्धा अंश दूर आहे. दुर्बीण स्थिर ठेवून तो वर्तुळाच्या मधोमध या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊ द्यावा. मिनिटांना चाराने भागले की प्रत्यक्ष क्षेत्र अंशांत मिळते. आठ इंची दुर्बिणीत २४ मिमी, ६८ अंशांच्या आयपीसला सुमारे पाच मिनिटे दहा सेकंद लागायला हवीत. बरेच कमी लागले तर छापलेला आकडा फुगवलेला आहे असे समजावे.

खरेदीच्या क्रमाबद्दल एवढेच सांगता येते : पहिला रुंद आयपीस २० ते २४ मिमीचा, ६८ अंशांचा घ्यावा, कारण तो सर्वांत जास्त वेळ दुर्बिणीत राहतो. त्यानंतर १० ते १३ मिमीचा ८२ अंशांचा एक. दोनपट बार्लो, म्हणजे मोठेपणा दुप्पट करणारे भिंग, जोडला की या दोघांतून चार मोठेपणे निघतात. चिनी बनावटीचे ६६-६८ अंशांचे ६ आणि ९ मिमीचे स्वस्त आयपीस एफ/६ ला किमतीच्या मानाने चांगले चालतात. त्याच मालिकेतले १५ आणि २० मिमीचे कडेला तितके टिकत नाहीत. १०० अंशांचा आयपीस सर्वांत शेवटी. अमेरिकेत वरच्या दर्जाच्या अशा एका आयपीसची किंमत आठ इंची डॉब्सनच्या आसपास जाते. भारतात मागवताना वाहतूक आणि कर वेगळे. तेवढा खर्च करण्याआधी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे खगोल मंडळ यांच्यासारख्या संस्थांच्या आकाशदर्शनाला जावे. ज्यांच्याकडे असे आयपीस आहेत त्यांना विनंती करून ते डोळ्याला लावून पाहावेत. ९० अंशांच्या पुढची कड पाहण्यासाठी डोके हलवत राहणे काहींना मुळीच आवडत नाही, आणि हे वाचून ठरत नाही.

वापरलेला आयपीस घेण्यात चूक नाही. भिंगांत हलणारे भाग नसतात, ती झिजत नाहीत. मात्र आयपीस उजेडासमोर धरून तिरप्या कोनातून आत पाहावे. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या आयपीसमध्ये ती हमखास आढळते. प्लॉस्ल उघडून पुसता येतो. सात-आठ भिंगांचा रुंद आयपीस घरी उघडला तर भिंगांमधली अंतरे पुन्हा जशीच्या तशी बसत नाहीत. म्हणून जून ते सप्टेंबर हे आयपीस सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावेत आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून कोरडे करून घ्यावे. बुरशीने काचेवरचा लेप एकदा खाल्ला की तो पुन्हा चढवता येत नाही.