माळवदाचा हिशेब

आपल्या लातूर-नांदेडकडे जुनी घरे माळवदाची. खाली लाकडी तुळया, वर जाड माती. त्यामुळे उन्हाळ्यात घर गार राहते, थंडीत ऊब टिकते.

पण मातीला वजन असते. माळवद २० फूट लांब, १० फूट रुंद आहे. म्हणजे २०० चौरस फूट. माती १ फूट जाड असली, तर २०० घनफूट झाली. १ घनफूट मातीचे वजन सुमारे ४५ किलो. म्हणजे आपल्या डोक्यावर ९,००० किलो ओझे! ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अशी माळवदे आणि दगडमातीच्या भिंती कोसळून हजारो माणसे गेली.

म्हणून गळते तिथे दरसाल नुसती माती चढवू नये. भिंत फुगली असेल, तर जाणत्या गवंड्याला दाखवावी.

पत्रा हलका, पण उन्हात लई तापतो. त्याला वरून पांढरा रंग द्यावा, ऊन परत फिरते. खालून बांबूच्या तट्ट्या लावाव्यात.

खर्च काढणे सोपे आहे. समजा, रंगाचा दर चौरस फुटाला १० रुपये. २०० ला १० ने गुणा. झाले २,००० रुपये. तट्ट्यांचे असेच काढा आणि दोन्ही मिळवा.

आधी मोजावे, मग पैका खर्चावा.