मुलांचे फोटो, मोबाईल आणि आपला धाक

१४ एप्रिलची मिरवणूक असो की घरातला वाढदिवस, मुलं लगेच मोबाईल काढतात आणि पाच मिनिटांत रील तयार होते. मुलांना आनंद होतो, आपल्यालाही कौतुक वाटतं. पण विहारातल्या महिलांच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "आम्ही तर पोरीचा मोबाईलच काढून घेतला!"

आम्हाला हा उपाय अपुरा वाटतो. घरचा फोन गेला की मूल मित्राचा फोन वापरतं. मग काही वाईट घडलं, तर तेही घरी सांगत नाही.

पाठवण्याआधी

मुलांसोबत बसून फोटो बघा. शाळेचा गणवेश, गल्लीची पाटी, क्लासचा बोर्ड दिसतो का? यावरून अनोळखी माणूस मुलापर्यंत पोहोचू शकतो. बाहेर असतानाच व्हिडिओ टाकू नये, घरी आल्यावर टाकावा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲप स्टेटस निवडक लोकांनाच दिसेल असं ठेवता येतं. इन्स्टाग्रामला किमान वय १३ आहे. त्यानंतरही खातं प्रायव्हेट ठेवा.

'एकदाच पाहा' असा पाठवलेला फोटो पुसला जातो, या भरवशावर राहू नका. समोरचा दुसऱ्या मोबाईलने त्याचा फोटो काढू शकतो.

हे नियम मोठ्यांनाही लागू आहेत. अंघोळ करणाऱ्या बाळाचा फोटो किंवा बैठक क्रमांकासह गुणपत्रिका आपणच ग्रुपवर टाकतो. दुसऱ्याचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारावं, हे मुलं आपल्याकडूनच शिकतात.

धमकी आली तर

ऑनलाइन 'मैत्री' करून कुणी खासगी फोटो मागवतो आणि मग पैशांसाठी किंवा आणखी फोटोंसाठी धमकावतो. मुलगेही यात सापडतात. मूल जेवत नाही, झोपत नाही, शाळा टाळतं, मोबाईल वाजला की दचकतं, असं दिसलं तर रागावू नका, जवळ बसा. मुलाने तोंड उघडलं, तर पहिलं वाक्य हेच असू द्या: "सांगितलंस ते बरं केलंस. आम्ही तुझ्यासोबत आहोत."

मग पुढची कामं करा:

• पैसे देऊ नका, आणखी फोटो पाठवू नका.
• चॅट पुसू नका. धमकीचे मेसेज, खात्याचं नाव, नंबर यांचे स्क्रीनशॉट ठेवा, मग ब्लॉक करा.
• मुलाचा खासगी फोटो पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका. अल्पवयीन मुलांचे असे फोटो पसरवणं हाच गुन्हा आहे.
• सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८ वर फोन करा. १८ वर्षांखालील मुलामुलींना २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं संरक्षण आहे. 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणून पोलीस ठाणं अशी तक्रार नाकारू शकत नाही.
• 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवा अल्पवयीनांचे असे फोटो काढून टाकायला मदत करते. त्यासाठी फोटो कुणाला पाठवावा लागत नाही.
• मूल फार घाबरलं असेल, तर 'टेली मानस'च्या १४४१६ क्रमांकावर समुपदेशकाशी बोला.

जयंतीच्या व्हिडिओखाली कुणी जातिवाचक शिव्या लिहिल्या, तर मुलांना उलट भांडू देऊ नका. स्क्रीनशॉट ठेवा. ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार करता येते. ती मोठ्यांनी करायची.

आज रात्री जेवताना मुलांना एवढंच विचारा, "मोबाईलवर कुणी त्रास दिला, तर आधी कुणाला सांगशील?" उत्तरात आपलं नाव आलं नाही, तर मुलांना रागावण्याआधी आपण कुठे कमी पडलो ते पाहू.