पाते, फेस आणि हात

ब्रशने फेस काढून, एकाच पात्याच्या रेझरने केलेल्या दाढीला पारंपरिक ओली दाढी म्हणतात. ही पद्धत वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार एकच असते. एके दिवशी चेहरा गुळगुळीत होतो, तर दुसऱ्या दिवशी त्याच साबणाने आणि त्याच रेझरने गळा लालबुंद होतो आणि हनुवटीखाली खुंट राहतात. दोष बहुतेक वेळा पात्यावर ढकलला जातो आणि दुसऱ्या कंपनीचे पाकीट घरात येते. वास्तविक दाढी कशी होणार हे सहा गोष्टी ठरवतात: केसांत मुरलेले पाणी, फेसातला ओलावा, पात्याची धार, रेझरचा कोन, हाताचा दाब आणि केसांच्या वाढीची दिशा. यांतल्या दोन-तीन गोष्टी रोज नकळत बदलत राहिल्या, तर सामान कितीही उंची असले तरी दाढी एकसारखी होत नाही. म्हणून या प्रत्येक गोष्टीचे कार्य समजून घेणे आणि ती शक्य तितकी स्थिर ठेवणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

वस्तऱ्यापासून पात्यापर्यंत

सुटसुटीत रेझर येण्यापूर्वी दाढी वस्तऱ्याने होई. धोकटीतला वस्तरा दगडावर लावायचा, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा आणि मगच गालाला लावायचा, हे नाभिकांचे कसब होते. उघड्या धारेचा कोन आणि दाब दोन्ही पूर्णपणे हातावर अवलंबून असल्याने स्वतःची दाढी स्वतः करणे अवघड होते. धारेला आडोसा देऊन हा धोका कमी करण्याचे प्रयत्न १८व्या शतकात फ्रान्समध्ये ज्यां-जाक पेरे या कारागिराने केले. १८८०मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी सुरक्षित रेझरचे पेटंट घेतले. तरी त्या रेझरच्या जाड पात्याला धार लावत बसावे लागेच.

ही कटकट संपवली ती अमेरिकेतल्या किंग कॅम्प जिलेट यांनी. धार गेली की टाकून द्यायचे, असे पातळ आणि स्वस्त पाते त्यांना हवे होते. इतक्या पातळ पोलादाला पाणी देऊन धार लावण्याचे तंत्र विल्यम निकर्सन या अभियंत्याने बसवले. १९०३मध्ये, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा खप ९० हजारांवर गेला आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी जिलेट यांना पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना असे रेझर दिले आणि घरी परतलेल्या सैनिकांबरोबर रोज स्वतः दाढी करण्याची सवयही घरोघरी गेली.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने लेप दिलेली स्टेनलेस स्टीलची पाती बाजारात आणली. ती गंजत नसत आणि जास्त दिवस टिकत. भारतातही दुधारी पात्यांचा मोठा उद्योग उभा राहिला. ठाण्यात तयार होत असलेली सुपरमॅक्सची पाती त्याच उद्योगातली होती. १९७१मध्ये दोन पात्यांचे कार्ट्रिज आले आणि १९७५मध्ये वापरून फेकायचा प्लॅस्टिकचा रेझर. कार्ट्रिजचा कोन कारखान्यातच ठरलेला असतो. दुधारी पात्याच्या रेझरमध्ये मात्र कोन माणसाच्या मनगटाने धरायचा असतो. या पद्धतीतली अडचण आणि या पद्धतीतले कौशल्य दोन्ही इथेच आहेत.

केसाला पाणी हवे

दाढीचा केस डोक्यावरच्या केसापेक्षा जाड आणि राठ असतो आणि दिवसाला साधारण ०.४ मिलिमीटर वाढतो. तो केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरड्या केसात या प्रथिनाचे धागे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. पाणी आत शिरले की हे बंध सैल होतात. केस आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी शोषू शकतो. त्यामुळे तो फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बरेच कमी बळ लागते. याला दोन-तीन मिनिटे लागतात. चेहऱ्यावर पाण्याचे दोन हबके मारून लगेच फेस लावला, तर केस वरवर ओला होतो, आतून कोरडाच राहतो.

म्हणूनच आंघोळीनंतरची दाढी बहुतेकांना सोपी जाते. आधी दाढी करायची असेल तर चेहरा साबणाने धुऊन त्वचेवरचे तेल काढावे, कारण तेल पाण्याला अडवते. मग कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल दोन-तीन मिनिटे चेहऱ्यावर धरावा. पाणी कढत असू नये. त्याने त्वचा कोरडी होते आणि दाढी करण्यापूर्वीच लाल पडते.

फेस कसा हवा

फेसाची कामे दोन: केसांतले पाणी उडू न देणे आणि पाते व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर ठेवणे. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असते, त्यामुळे फेस दाट होतो आणि लवकर बसत नाही. आंघोळीच्या साबणात मुख्यतः सोडियमचे क्षार असतात. दाढीच्या साबणात पोटॅशियमचे क्षारही घातलेले असतात, म्हणून तो पाण्यात लवकर विरघळतो. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. आंघोळीच्या साबणाचा फेस भराभर येतो आणि तितक्याच लवकर वाळतो. दाढीसाठी त्याचा उपयोग नाही.

ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर तो काही मिनिटे पाण्यात भिजू द्यावा लागतो, नाहीतर टोचतो आणि पाणीही धरत नाही. बॅजरच्या केसांचा ब्रश लवकर भिजतो आणि पाणी भरपूर धरतो. कृत्रिम धाग्यांचा ब्रश पाणी शोषत नाही. तो नुसता बुडवून झटकला की पुरे. ब्रश बदलला की पाण्याचे प्रमाणही बदलावे लागते, हे ध्यानात न घेतल्याने अनेकांचा फेस बिघडतो.

साबणाच्या वडीवर ब्रश अर्धा मिनिट फिरवावा किंवा ट्यूबमधले साधारण एक सेंटिमीटर क्रीम घ्यावे. मग गालावर किंवा वाटीत ब्रश गोल फिरवत दर वेळी पाण्याचे दोन-चार थेंबच मिसळावेत. फेस फुगलेला आणि मोठ्या बुडबुड्यांचा दिसला, तर त्यात हवा जास्त झाली किंवा साबण कमी पडला. तो चिकट आणि मंद दिसला, तर पाणी कमी आहे. चांगला फेस फेटलेल्या घट्ट दह्यासारखा तकतकीत असतो आणि त्यात बुडबुडे दिसत नाहीत. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळला तर बोटे सहज घसरली पाहिजेत. त्वचेचे रक्षण फेसाची जाडी करत नाही, त्याचा निसरडेपणा करतो. ब्रश गोल फिरवल्याने केसही उभे राहतात.

इथे पाण्याचा जडपणा आडवा येतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबणाचा त्यांच्याशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि तेवढा साबण वाया जातो. मुंबईला तलावांचे पाणी मिळते, ते मऊ असते. दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेले बोअरचे पाणी मात्र बऱ्याच ठिकाणी जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हा अनेक गावांचा अनुभव आहे. शहरात उत्तम फेस देणारा साबण गावी गेल्यावर निकामी वाटतो, त्याचे कारण हेच. अशा ठिकाणी साबण थोडा जास्त घ्यावा किंवा फेसापुरते वाटीभर आरओचे पाणी वापरावे. पाणी उकळून, गाळून घेतल्यानेही जडपणाचा काही भाग जातो.

पाते आणि रेझर

दुधारी पाते साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. त्याच्या धारेवर टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा अतिसूक्ष्म थर असतो; त्याने घर्षण कमी होते. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असूनही केस कापताना धार बोथट होते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे कारण मांडले. धार नुसती झिजत नाही. केस वाकून तिरपा आला आणि नेमका पोलादाच्या विषम जागी लागला, की धारेचा बारीक टवका उडतो. केस जितका मऊ, तितकी धारेवरची ओढ कमी. म्हणजे नीट भिजवलेली दाढी त्वचेबरोबर पात्याचीही काळजी घेते.

एक पाते किती दाढ्या चालते हे केसांच्या राठपणावर ठरते. तीन ते पाच हा बहुतेकांचा आकडा. पाते ओढू लागेपर्यंत वाट पाहिली तर शेवटची दाढी हमखास खराब होते. आपला आकडा ठरवून त्याच्या एक दाढी आधीच पाते बदलावे. धार टॉवेलने पुसू नये. पाण्याखाली धुऊन रेझर झटकला की पुरे. पाते बसवताना ते दोन्ही बाजूंनी सारखे बाहेर आले आहे आणि मूठ पूर्ण आवळली आहे, हे पाहावे. तिरपे बसलेले पाते एका बाजूने कापते आणि दुसऱ्या बाजूने खरवडते.

रेझरचेही प्रकार आहेत. ज्यात पाते कमी उघडे राहते तो सौम्य. ज्यात जास्त उघडे राहते किंवा खालची पट्टी दातेरी असते तो आक्रमक. रोज दाढी करणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने सौम्य रेझर निवडावा. तीन-चार दिवसांची वाढ काढायला आक्रमक रेझर सोयीचा पडतो.

कोन, दाब आणि दिशा

कोन सापडण्याची रीत सोपी आहे. रेझरचे डोके गालावर टेकवून मूठ गालाशी काटकोनात धरावी. या स्थितीत पाते त्वचेला लागत नाही. मग मूठ हळूहळू खाली आणावी. जिथे धार त्वचेला जेमतेम लागते आणि खुंट कापल्याचा आवाज येऊ लागतो, तिथे पाते त्वचेशी साधारण ३० अंशांचा कोन करते. हाच कोन गालाच्या, जबड्याच्या आणि गळ्याच्या वळणांवर टिकवायचा असतो. त्यासाठी मनगट स्थिर ठेवून दोन-तीन सेंटिमीटरचेच हात मारावेत.

दाब द्यायचाच नाही. धातूच्या रेझरचे वजन कापायला पुरेसे असते. मूठ टोकाशी, हलक्या चिमटीत धरली की दाब आपोआप कमी होतो. कार्ट्रिजची सवय असलेला माणूस अजाणता दाबतो आणि आग होण्याचे सर्वांत मोठे कारण तेच ठरते.

केसांची दिशा प्रत्येकाची वेगळी. गालावर ते बहुधा खाली वाढतात, पण गळ्यावर आडवे, तिरपे, कधी वरच्या दिशेनेही. दोन दिवसांची दाढी वाढवून सगळीकडे बोट फिरवावे. बोट जिकडे सहज सरकते ती सुलटी दिशा, जिकडे अडते ती उलटी. हा नकाशा एकदा पक्का झाला की बराच काळ उपयोगी पडतो. एका फेरीत सगळे केस काढण्याचा हट्ट धरू नये. पहिला हात सुलटा, दुसरा आडवा आणि त्वचेला सोसत असेल तरच तिसरा उलटा. प्रत्येक फेरीपूर्वी फेस पुन्हा लावावा; फेस नसलेल्या जागी पाते फिरवू नये. त्वचा दुसऱ्या हाताने बेताने ताणावी. फार ताणून उलटा हात मारला की केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो आणि वाढताना आतच वळून पुळी येते. कुरळ्या दाढीच्या माणसांना हा त्रास अधिक होतो. त्यांनी सुलट्या आणि आडव्या हातावर थांबावे.

दाढीनंतर

चेहरा गार पाण्याने धुवावा. तुरटीचा खडा ओल्या त्वचेवर फिरवल्याने बारीक चिरांतले रक्त थांबते, कारण ती प्रथिने गोठवते आणि त्वचा आकसते. तुरटी परीक्षाही घेते: जिथे ती जास्त झोंबते, तिथे दाब किंवा कोन चुकलेला असतो. नंतर चेहरा धुऊन, टिपून, साधे मलम लावावे. कोरड्या त्वचेवर अल्कोहोलचे आफ्टरशेव्ह टाळावे.

ब्रश स्वच्छ धुऊन मोकळ्या हवेत वाळवावा. पाते, रेझर आणि तुरटी दुसऱ्याला वापरायला देऊ नये. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. सलूनमध्येही नवे पाते डोळ्यांसमोर घालून घ्यावे. वापरलेली पाती पत्र्याच्या डबीत साठवून, ती घट्ट बंद करून, वेगळी द्यावीत. उघडे पाते कचरा गोळा करणाऱ्याचा हात कापते.

दोष शोधण्याची रीत

बिघडलेल्या दाढीचे कारण खुणांवरून ओळखता येते. सगळ्या चेहऱ्यावर केस ओढल्यासारखे वाटले तर पाते संपले आहे किंवा केस भिजलेले नाहीत. फक्त गळा जळत असेल तर तिथली दिशा चुकली आहे. रेझर अडखळत सरकत असेल तर फेसाला पाणी कमी पडले. आग सगळीकडे सारखी असेल तर दाब जास्त पडला. जबड्याच्या हाडावर चिरा पडत असतील तर वळणावर कोन सुटतो. उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या तशाच ठेवून आठवडाभर पाहावे. पाते, साबण आणि ब्रश एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही आणि बिघाड कशाने झाला तेही नाही. साबण, पाते, पाण्याचे प्रमाण, फेऱ्यांचा क्रम आणि पाते बदलण्याचा दिवस ठरलेला असला, की हाताला रोज एकाच परिस्थितीत सराव मिळतो आणि त्या सरावातूनच एकसारखी दाढी होऊ लागते.